रस्त्याचं झाकण वर, घराची मोरी खाली

मुंबईच्या नाहूरमध्ये ‘तळघरात बाथरूम असलेलं घर’ अशी जाहिरात तुम्हाला कधी दिसणार नाही. दलाल म्हणतो, “ग्राउंड फ्लोअर आहे, म्हाताऱ्या माणसांना बरं, लिफ्टची भानगड नाही.” भाव वरच्या मजल्यांपेक्षा थोडा कमी असतो, गिऱ्हाईक खूश होतं. मी लायसन्सवाला प्लंबर. भांडुपच्या पलीकडे आणि मुलुंडच्या अलीकडे, याच पट्ट्यात पाईप जोडण्यात आयुष्य गेलं. माझ्या हिशेबाने इथल्या जुन्या इमारतींतली बरीचशी तळमजल्याची घरं आज तळघरं झाली आहेत. घर जागचं हललेलं नाही, रस्ता वर आला.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली तीन-चार मजली इमारत घ्या. दोन-तीन पायऱ्या चढून आत जायचं, हा तेव्हाचा रिवाज. राष्ट्रीय बांधकाम संहिताही सांगते, की जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर उंच हवं. पण जोतं एकदाच बांधतात आणि रस्ता पुन्हा पुन्हा. जुनं डांबर न खरवडता त्यावर नवा थर, मग पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीट. 2023 पासून मुंबईत रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. जिथे खोल खोदून जुनी पातळी राखली, तिथे तक्रार नाही. जिथे राखली नाही, तिथे सोसायटीचं आवार खड्ड्यात गेलं. मग सोसायटी आवारात भर टाकून लाद्या बसवते, पायऱ्या एकेक करून गाडल्या जातात आणि एक दिवस तळमजल्यावाला पायरी उतरून स्वतःच्या घरात शिरतो. त्या घराची सगळ्यात खोल जागा म्हणजे मोरी आणि संडास, कारण पाणी बाहेर यायला नको म्हणून मोरीची लादी खोलीपेक्षा इंचभर खालीच ठेवलेली असते.

पाय बुडेल एवढं पाणी दारातून आलं तर लोक फळी लावतात, सिमेंटचा उंबरा बांधतात. मोरीच्या जाळीतून वर येणाऱ्या पाण्याला उंबरा नसतो.

आता थोडं नाहूरबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला मिठागरं आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात एलबीएस मार्ग, रेल्वे आणि पूर्व द्रुतगती महामार्ग उत्तर-दक्षिण धावतात. डोंगरावरून निघालेल्या पाण्याला हे तिन्ही बांध ओलांडून खाडी गाठायची असते. स्टेशन आलं 2006 साली. तोवर नाहूर म्हणजे गाव, कारखाने आणि दोन स्टेशनांमधली मोकळी जागा एवढीच ओळख होती. स्टेशन आलं, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता रुंद होत गेला, कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. माणसं वाढली तसं सांडपाणी वाढलं. मुंबईचे मलनिस्सारणासाठी सात विभाग केलेले आहेत, त्यातला आपला भांडुपचा. सगळा मैला पूर्वेकडे खाडीकाठच्या केंद्राकडे जातो. भांडुपला रोज 21.5 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारं नवं केंद्र ठरलं, आणि शहरातल्या अशा सात केंद्रांच्या कामाचं भूमिपूजन जानेवारी 2023 मध्ये झालं. आपण त्या वाटेच्या शेवटाकडे आहोत. जमीन सपाट, वाहिन्या खोल, पुढे पंपांवर भिस्त. पुढचं पाणी थांबलं की मागचं तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी वर चढायला सगळ्यात खालचं तोंड शोधतं.

आपल्याकडे पावसाचं पाणी वेगळ्या वाहिनीतून आणि मैल्याचं वेगळ्या वाहिनीतून जायचं ठरलेलं आहे. मग पाऊस पडल्यावर संडास का उसळतो? गच्चीचे पन्हाळीचे पाईप कुणीतरी सोयीसाठी मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेले असतात. आवारात पाणी साचलं, की वॉचमन सब्बल घालून चेंबरचं झाकण उचलतो आणि सगळं त्यात ढकलतो. जुन्या स्टोनवेअरच्या वाहिन्यांचे सांधे पिंपळाच्या मुळांनी उघडलेले असतात, त्यातून जमिनीतलं पाणी आत झिरपतं. झाकण उचलण्याच्या सवयीने तर माणसं गेली आहेत. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात प्रभादेवीला एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, ते मुंबईकर विसरलेले नाहीत. 26 जुलै 2005 चा आकडा सगळ्यांना पाठ आहे, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर. पण तळमजल्याच्या मोरीला एवढा पाऊस लागतच नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने केलेली होती आणि ती ताशी 50 वर न्यावी, असं ब्रिमस्टोवॅड अहवालाने 1993 मध्ये सांगितलं. त्यात भरतीची वेळ जुळली, की तासाभराच्या जोरदार सरीनेही काम होतं.

घर घेणाऱ्याने बघायची गोष्ट एकच आहे, आणि ती बघायला इंजिनीअर लागत नाही. तुमची इमारत रस्त्यावरच्या ज्या मॅनहोलला जोडलेली आहे, त्याच्या वरच्या अंगाच्या मॅनहोलचं झाकण आणि तुमच्या मोरीची जाळी, यांत उंच कोण? वाहिनी तुंबली, की पाणी मॅनहोलमध्ये चढत जातं. झाकण तुमच्या जाळीपेक्षा खाली असेल तर पाणी रस्त्यावर सांडेल. रस्त्यावर घाण होईल, पण तुमचं घर वाचेल. जाळी खाली असेल तर रस्ता कोरडा राहील आणि ते सगळं तुमच्या घरात सांडेल. मार्बल कुठलं, कमोड कुठल्या कंपनीचं, हे त्यानंतरचे प्रश्न.

हे मोजायला लेव्हल ट्यूब पुरते. गवंडी वापरतात ती बारीक पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक झाकणापाशी आणि दुसरं मोरीत धरायचं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं. तिथून खाली किती, ते टेपने मोजा आणि वजाबाकी करा. आता लेझर आले आहेत, पण नळीला बॅटरी लागत नाही आणि ती कोपऱ्यावरून वळते. दलाल कंटाळतो, विकणारा विचारतो, “हे काय चाललंय?” चालू द्या. रेराच्या कागदात कार्पेट एरिया दशांश चिन्हापर्यंत लिहिलेला असतो, जाळीची पातळी त्यात नसते.

दुसरी वजाबाकी उताराची. आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की चार इंची पाईपला चाळीसास एक उतार द्यायचा, सहा इंचीला साठास एक. म्हणजे संडासापासून चेंबर चाळीस फुटांवर असेल, तर चार इंची पाईप तिथे पोचेपर्यंत एक फूट खाली गेला पाहिजे. आता रस्त्याची वाहिनी जागेवरच आहे आणि एखादी इमारत थोडी खचली असेल, तर हा फूट आणायचा कुठून? मग उतार कमी पडतो, पाणी पुढे जातं आणि घन पदार्थ मागे राहतो. महिन्याला चोकअप काढायला माणूस बोलवावा लागतो. बांबूच्या खपच्या घालून तो मोकळं करतो, पैसे घेतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो. त्याच्या कामात खोट नाही, उतारच नाही.

माझी पुतणी नवऱ्याबरोबर अमेरिकेत पिट्सबर्गला असते. तिथे घर घ्यायचं ठरलं, तेव्हा तिने फोनवर व्हिडिओ लावून मला घर दाखवलं. वरच्या मजल्याच्या बाथरूमवरून कॅमेरा पटकन गेला. मग ती लाकडी जिना उतरून तळघरात गेली. सिमेंटची जमीन, भट्टी, कपडे धुण्याचं मशीन आणि मधोमध, भिंत नाही, दार नाही, पडदा नाही, एक कमोड. एकटाच. ती हसत होती. म्हणाली, “काका, हे काय असतं? एजंट म्हणतो पिट्सबर्ग पॉटी. इथल्या जुन्या घरांत असतंच म्हणे.”

मी तिला म्हटलं, “त्याच्याभोवती फिर. जवळ जमिनीत लोखंडी झाकण आहे का बघ.”

त्या उघड्या कमोडबद्दल तिथले लोक दोन गोष्टी सांगतात. एक, पोलादाच्या गिरण्यांतून काळेकुट्ट होऊन आलेला कामगार मागच्या दाराने तळघरात उतरायचा, तिथेच आटपून अंग धुऊन मग वर घरात यायचा. दुसरी, शहराची वाहिनी तुंबली तर घाण वरच्या चांगल्या बाथरूममध्ये न येता आधी इथे उसळावी, म्हणून घरातलं सगळ्यात खालचं भांडं मुद्दाम तळघरात ठेवायचे. पहिली गोष्ट ऐकायला छान आहे. मी प्लंबर, मला दुसरी पटते, कारण पाणी तसंच वागतं. पिट्सबर्गच्या जुन्या भागात पाऊस आणि मैला एकाच वाहिनीतून जातो. जोराचा पाऊस आला, की वाहिनी भरणारच. तिथे सगळ्यात खालचं भांडं रिकाम्या सिमेंटच्या खोलीत असतं. आपल्याकडे सगळ्यात खालच्या भांड्याला लागून एका कुटुंबाचं स्वयंपाकघर असतं, एवढाच काय तो फरक.

पुतणीमुळे मी तिथले नियम वाचले. अनेक राज्यांत चालणाऱ्या निवासी संहितेत वर सांगितलेली माझी वजाबाकीच लिहिलेली आहे. ज्या भांड्याचा काठ वरच्या अंगाच्या पुढच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली येतो, त्याच्या वाहिनीवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलाच पाहिजे. आणि त्याला जोडून दुसरी अट आहे, जी आपल्या सोसायट्यांनी फ्रेम करून लावावी: झाकणापेक्षा उंचावर असलेल्या भांड्यांचं पाणी त्या व्हॉल्व्हमधून जाऊ द्यायचं नाही.

ही दुसरी अट का, ते नाहूरच्या भाषेत सांगतो. तळमजल्यावर पाणी येतं म्हणून सोसायटी ठराव करते आणि इमारतीच्या शेवटच्या चेंबरमध्ये, रस्त्याला जाऊन मिळणाऱ्या मुख्य पाईपवर, मोठा फ्लॅप व्हॉल्व्ह बसवते. पैसे वाटून घेतात, फोटो काढतात. जुलैत पाऊस लागतो, रस्त्याची वाहिनी भरते, फ्लॅप बंद होतो. व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं. पण सकाळचे सात वाजलेत. चौथ्या मजल्यावर आंघोळ चालली आहे, तिसऱ्यावर मशीन लागलं आहे, दुसऱ्यावर फ्लश ओढला. त्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, कारण फ्लॅप बंद. ते पाईपमध्ये साठतं आणि सगळ्यात खालच्या जाळीतून वर येतं. आता तळमजल्यावरच्या बाईंच्या मोरीत जे तरंगतंय ते रस्त्यावरचं नाही, वरच्या शेजाऱ्यांचं आहे. आधी महापालिकेला शिव्या देता येत होत्या, आता कुणाला देणार? अशा इमारतीत मी तो फ्लॅप काढून टाकायला लावला आणि लोकांनी मला वेड्यात काढलं.

बरोबर काम असं. तळमजल्याचा संडास आणि मोरी वरच्या मजल्यांच्या उभ्या पाईपमधून तोडायची आणि त्यांची वेगळी आडवी लाईन थेट चेंबरपर्यंत न्यायची. व्हॉल्व्ह त्या लाईनवर बसवायचा, फक्त त्या लाईनवर. वरच्यांचं पाणी वेगळ्या वाटेने रस्त्याकडे जातं, आणि रस्ता भरलेला असला तर आवारातल्या चेंबरच्या झाकणातून अंगणात सांडतं, घरात नाही. म्हणून ते चेंबरचं झाकण तळमजल्याच्या जाळीपेक्षा खाली हवं, नाहीतर वेगळ्या लाईनचाही उपयोग अर्धाच. तळमजल्याची लाईन वेगळी असण्याचा रोजचा फायदाही आहे. उभ्या बीडाच्या पाईपच्या पायथ्याशी वरून आदळणाऱ्या पाण्याचा दाब तयार होतो, आणि तिथे जोडलेल्या तळमजल्याच्या ट्रॅपमधलं पाणी गुडगुड करत उसळतं किंवा ओढलं जातं. ट्रॅपमध्ये दोन इंच पाण्याचा बूच असतो, तो गेला की गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात. नव्या घराला वास येतोय म्हणून लोक उदबत्त्या लावतात.

दुसरा उपाय मोरीच उचलायची. विटांचे तुकडे आणि कोबा भरून सगळी लादी फूटभर वर घ्यायची, कमोड ओट्यावर बसवायचा. स्वस्त आणि विजेशिवाय चालणारा उपाय, म्हणून मला आवडतो. पण छत खाली येतं, गीझरला डोकं आपटतं आणि ज्या म्हाताऱ्या माणसांसाठी तळमजला घेतला, त्यांनाच अंधारात ओल्या पायरीवर चढावं लागतं. गुडघे बदललेल्या एका आजींसाठी आम्ही पायरीऐवजी उतार केला, दांडा लावला, तरी त्या म्हणायच्या, “संडासला जाताना स्टेजवर चढल्यासारखं वाटतं रे बाबा.”

तिसरा उपाय पंप. पिट्सबर्गच्या त्या लोखंडी झाकणाखाली तोच असेल, असा माझा अंदाज होता. रस्त्याची वाहिनी तळघराच्या जमिनीपेक्षा उंच असेल, तर पाणी आपोआप जाणार कसं? मग जमिनीत खड्डा करतात. तिथल्या संहितेप्रमाणे तो कमीत कमी अठरा इंच रुंद आणि चोवीस इंच खोल. त्यात मैला ढकलणारा पंप, तरंगत्या फ्लोटवर आपोआप चालू होणारा. दोन इंची पाईप वर जाऊन मुख्य वाहिनीत उतरतो. ढकललेलं पाणी परत येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह, दुरुस्तीसाठी कॉक, वर हवाबंद झाकण आणि वायू बाहेर सोडायला छपरापर्यंत व्हेंट. खड्डा न खणता कमोडच्या मागे बसणारे छोटे पंपही मिळतात, जे आधी सगळं बारीक करून मग वर ढकलतात. त्यात ओलं पुसायचा कपडा किंवा पॅड गेलं, की पाती अडकतात. भाड्याच्या घरात ते कधीच बसवू नये, असं माझं मत.

पुतणीच्या तळघरात झाकण नव्हतं. म्हणजे कमोड थेट वाहिनीत उतरत होता, पंपाशिवाय. ती घाबरली, मी म्हटलं, घाबरू नकोस, उलट बरं आहे. तिथे टेकडीवरचं घर आहे, वाहिनी तळघराच्याही खाली आहे, पाणी वजनाने जातंय. आता फक्त परत येतं का, तेवढं बघायचं. तिने विक्रीआधी वाहिनीत कॅमेरा घालून घेतला. मातीच्या भाजलेल्या जुन्या पाईपमध्ये सांध्यावर झाडाची मुळं दिसली. पिट्सबर्गकडे आणखी एक पद्धत आहे, जी ऐकून मला हेवा वाटला. घर विकताना रंग-चाचणी करतात. छपराच्या पन्हाळीत रंगीत पाणी सोडायचं आणि ते मैल्याच्या वाहिनीत उतरतं का बघायचं. उतरलं तर आधी ते जोड तोडा, मग घर विका. आपल्याकडे गळती शोधताना प्लंबर नीळ टाकतोच. घर घेण्याआधी गच्चीच्या पाईपमध्ये बादलीभर निळीचं पाणी टाकून चेंबरमध्ये काय दिसतं ते बघितलं, तर सोसायटीची निम्मी गुपितं कळतील. कागद मागायचाच असेल तर ड्रेनेजचा मंजूर नकाशा आणि ड्रेनेज पूर्णत्वाचा दाखला मागा. त्यावर कुठलं चेंबर कुठे आहे ते असतं. अर्ध्या सोसायट्यांना तो कपाटात सापडत नाही, हाही एक निकालच समजा.

किमतीचंही तिथे स्पष्ट आहे. घराचं क्षेत्रफळ मोजताना जमिनीखालचा भाग वेगळा दाखवतात, वरच्या राहत्या जागेत मिसळत नाहीत. त्यामुळे तळघरातलं बाथरूम वरच्या बाथरूमच्या भावाने मोजलं जात नाही. आणि नेहमीच्या घर-विम्यात गटार उलटून झालेलं नुकसान धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. पुतणीने ती घेतली. मी तिला एवढंच सांगितलं, की खाली कार्पेट टाकायचं नाही आणि झोपायची खोली करायची नाही.

झोपायच्या खोलीबद्दल मी हट्टाने बोलतो. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात सुमारे 80 मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा तळघरातल्या घरांत. दिल्लीत 27 जुलै 2024 ला राजेंद्रनगरच्या एका शिकवणीच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. तळघरात पाणी आलं, की दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडत नाही, हे माणसाला तेव्हाच कळतं. दिल्लीच्या बांधकाम नियमांत तळघरातल्या स्वयंपाकघर-बाथरूमला परवानगी देताना अट आहे, की महापालिकेच्या वाहिनीची पातळी जुळली पाहिजे आणि पाणी उलटण्याचा धोका नसला पाहिजे. अट शहाणी आहे.

हे परदेशातलं आणि दिल्लीतलं झालं. खरंखुरं तळघरातलं बाथरूम नाहूरमध्येही आहे, आणि टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाने त्याचा थोडा हिस्सा विकत घेतलेला असतो. खालच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर आणि सफाई कामगारांसाठी केलेला संडास. सॅम्पल फ्लॅट दाखवताना तो कुणी दाखवत नाही. त्याचं पाणी खड्ड्यात जातं आणि पंपाने वर येतं. 20 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र सोसायटीतच बांधावं लागतं. तेही बहुतेक वेळा तळघरातच असतं. म्हणजे तुमच्या गाडीखाली मैल्याच्या टाक्या आहेत. त्यांचे पंप किती, एक बंद पडला तर दुसरा आहे का, वीज गेल्यावर ते जनरेटरवर चालतात का, हे फ्लॅट घेताना विचारा. आपल्याकडे मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची, आणि वीज गेली की जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालतात, पंपाचं नाव यादीत असेलच असं नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. पंप अडकला, की कुणीतरी म्हणतं, “एक माणूस उतरवा, पाच मिनिटांचं काम आहे.” त्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त असेल तर नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे माहीत हवं. माझ्याकडच्या पोरांना मी सांगून ठेवलंय, की खड्ड्यात पंप असतो तो साखळीने वर ओढायचा. साखळी नसेल तर काम सोडून निघून यायचं.

परत जुन्या तळमजल्याकडे येतो, कारण सामान्य माणसाच्या आवाक्यात तोच येतो. घर उन्हाळ्यात दाखवतात, तुम्ही ते जुलैत बघा, आणि भरतीचं वेळापत्रक बघून जा. साडेचार मीटरच्या वर भरती आणि बाहेर पाऊस, अशा दिवशी दलाल फोन उचलत नाही. पण जमलं तर जा. नसेल जमत तर घर स्वतः बोलतं. भिंतीला ठरावीक उंचीपर्यंत लोणा धरलेला असतो, त्यावर रंग कितीही नवा मारा, बोट लावलं की पापुद्रा निघतो. फ्रिज आणि मशीन उंच घोडीवर असतात. विजेचे पॉइंट कमरेच्याही वर नेलेले असतात. संडासाची लाकडी चौकट खाली संगमरवराची झालेली असते. आणि मोरीच्या कोपऱ्यात वाळूची गोणी दिसली, तर ती कशाला, असं विचारू नका. पाऊस वाढला की ती कमोडमध्ये दाबून बसवतात. गोणीने एखाद तास निभतं, मग पाणी नहाणीच्या जाळीतून येतं. विकणाऱ्याला काही विचारून उपयोग नाही, त्याचं घर विकायचं आहे. समोरच्या वाण्याकडून पावशेर साखर घ्या आणि त्याला विचारा, त्याचं दुकानही त्याच पातळीवर आहे.

एवढं सगळं असून मी तळमजला घेऊच नका, असं म्हणत नाही. जाळी झाकणापेक्षा वर असेल तर डोळे मिटून घ्या. सहा-आठ इंच खाली असेल, वेगळी लाईन टाकायला जागा असेल आणि सोसायटी लेखी परवानगी देत असेल, तर भाव पाडून घ्या. खोल असेल, लाईनला जागा नाही आणि पंपाशिवाय गत्यंतर नाही, तर मी तरी माझ्या घरच्यांना घेऊ देणार नाही.

पैसे कुणी द्यायचे, यावर सभा नेहमी तापते. वरच्या मजल्यावाले म्हणतात, आमच्याकडे पाणी येत नाही, आम्ही का द्यायचे? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ड्रेनेज लाईनची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात धरलेली आहे. घरातल्या मोरीची आतली गळती तेवढी सभासदाची. ही ओळ सभेत मोठ्याने वाचून दाखवावी. गेल्या खेपेला एका सोसायटीत असंच झालं. तासभर वाद झाला, मग वेगळी लाईन आणि तिच्यावर व्हॉल्व्ह, असा ठराव झाला. मी त्यात दोन वाक्यं घालायला लावली. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात चेंबर उघडून फ्लॅपखाली अडकलेला कचरा काढायचा आणि तो हाताने हलवून बघायचा, कारण केस आणि प्लास्टिक अडकलेला फ्लॅप पूर्ण मिटत नाही. आणि पावसात चेंबरच्या झाकणाला वॉचमनने सब्बल लावायची नाही. दुसऱ्या वाक्यावर वॉचमनने विचारलं, “मग अंगणातलं पाणी कुठे काढू?” त्याचं बरोबर होतं. अंगणाची पावसाळी नाली लाद्या बसवताना बुजवली होती, ती उघडायचं काम आता आधी घेतलं आहे.